बोलकं खेळणं बंद पडलं तर: आधी सेल, मग पट्ट्या, स्क्रू शेवटी

गणपती आटोपून चाकरमानी परतीच्या गाडीत बसले, की आमच्या पडवीत खेळणी येऊ लागतात. गाणारा हत्ती, बोलणारा टेलिफोन, टाळ्या वाजवणारं माकड. सोबत ठरलेलं वाक्य: "वायच बघा मा, आतला कायतरी जळलासा वाटता." आत सहसा काही जळलेलं नसतं. बिघाड असतो सेलच्या खणात, आणि माझ्यापर्यंत येईतो कुणीतरी विळीचं टोक घालून खेळण्याची पाठ उचकटलेली असते. दोन स्क्रू हरवलेले, स्पीकरची तार तुटलेली. आता मूळ बिघाड एक आणि नवे तीन.

चूक हत्यारांची नसते, क्रमाची असते. बाहेरून आत जायचं आणि खेळणं उघडायचं ते बाहेरचे सगळे उपाय संपल्यावर. खाली तोच क्रम दिला आहे. तो एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या, पेन्सिल सेलवर किंवा रिमोटच्या बारीक सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आहे. थेट घरच्या विजेवर चालणारं काही असेल, किंवा खेळण्याचा चार्जरच बिघडला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. चार्जर उघडायचा नाही, बदलायचा.

## तयारी

मूल झोपलेलं किंवा शेजारी गेलेलं असताना काम करा. एक तर सुटे स्क्रू आणि सेल त्याच्या हाती लागता कामा नयेत. दुसरं म्हणजे आपल्या हत्तीची पाठ उघडलेली पाहून ते जे रडतं, त्यात तुमचं काम होत नाही.

लागणाऱ्या वस्तू:

- बारीक चौफुली स्क्रू ड्रायव्हर, दोन-तीन मापांचे. पुष्कळ खेळण्यांत तिकोनी खाचेचे स्क्रू असतात, त्यामुळे सुट्या टोकांचा संच घेतलेला बरा.
- साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं यंत्र), ज्यात तार जोडलेली असली की 'बीप' वाजते.
- जुना टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, बारीक पॉलिश पेपर.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझरची जेल त्याऐवजी चालत नाही, तिचा चिकटा मागे राहतो.
- तारा डाग देऊन जोडायला २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री आणि सोल्डरची (वितळून जोड देणाऱ्या धातूची) तार. या लागतीलच असं नाही.
- आप्पेपात्र.

आप्पेपात्राला हसू नका. खेळण्यातले स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की प्लास्टिक फोडून बाहेर येतो, आणि तिथेच मुलाचा हात लागतो. पाठीचे स्क्रू एका खळग्यात, मोटरचे दुसऱ्यात, सेलच्या झाकणाचा तिसऱ्यात. सुपात काम करू नका, बारीक स्क्रू विणीत अडकतात. मी एकदा अर्धा तास सूप आपटत बसलो होतो.

## १. उघडण्याआधी लक्षण ओळखा

खेळणं हातात घेऊन दोन मिनिटं नुसतं बघा. खालचा खटका तीन जागी सरकतो का? बऱ्याच खेळण्यांत बंद आणि चालू यांखेरीज दुकानात दाखवण्यापुरती एक जागा असते. खटका तिथे राहिला तर बटण दाबल्यावर एवढासा आवाज येतो आणि थांबतो. असं 'बिघडलेलं' खेळणं मी कितीतरी वेळा नखाने खटका सरकवून परत केलं आहे.

मग लक्षण बघा. कशालाच काही प्रतिसाद नाही, तर वीज आत पोचत नाही आहे. दिवे लागतात पण आवाज नाही, तर स्पीकर किंवा त्याची तार. आवाज जड, ओढल्यासारखा, नाहीतर गाणं मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, तर सेल दमलेत. मोटर घुमते पण चाक हलत नाही, तर दातेरी चाकांत काहीतरी अडकलंय किंवा फुटलंय.

रात्री आपोआप गाऊ लागणारं खेळणं हा आपल्याकडचा पावसाळी प्रकार आहे. एका घरी रात्री दोन वाजता प्लास्टिकचा कोंबडा आरवू लागला. तिसऱ्या रात्री म्हातारीने देवचाराला नारळ ठेवला. ठेवला ते बरंच केलं, पण बटणाखालच्या रबरी गादीत दमट हवा आणि मुलाची लाळ साचली की ती वीज वाहू लागते, आणि खेळण्याला बटण दाबल्यासारखं वाटतं. यावरचा उपाय सहाव्या टप्प्यात आहे.

थांबा: खेळणं गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर निदान नंतर. आधी सेल बाहेर काढा.

## २. सेल: रिमोटची परीक्षा खोटी

"सेल चांगलेत, रिमोटात घालून बघितले" हे मला रोज ऐकावं लागतं. रिमोटला वीज अगदी थोडी लागते, तो मरणाला टेकलेल्या सेलवरही चालतो. मोटर फिरवायला आणि स्पीकर वाजवायला लागते त्याच्या कित्येक पट. रिमोटात पास झालेला सेल खेळण्यात नापास होऊ शकतो.

मल्टिमीटरनेही सेल नुसता बाहेर काढून मोजू नका. थकलेला सेल मोकळा असताना १.४ व्होल्ट दाखवतो आणि काम पडताच कोसळतो. सेल खणात असू द्या, खेळणं चालू करा, बटण दाबून ठेवा आणि तेव्हा एकेका सेलच्या दोन टोकांवर मोजा. १.१ व्होल्टच्या खाली जाणारा एकही असला तर सगळे बदला. जुना आणि नवा एकत्र नको, नव्याच्या जोराने जुना पार निचरतो आणि गळतो.

सेलची टोकं ज्यांना टेकतात त्या धातूच्या पट्ट्या. तीन सेलच्या खणाच्या शेवटच्या दोन पट्ट्यांवर एकूण साडेचार व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. सेल एकेकटे चांगले आणि एकूण बेरीज कमी, तर दोष सेलचा नाही, पट्टीचा. पुढच्या टप्प्यावर चला.

चार्ज होणारे सेल घातले असतील तर ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात. तिघांचे मिळून ३.६ होतात, आणि काही खेळणी तेवढ्यावर कुरकुरतात. तो बिघाड नव्हे.

## ३. सेलचा खण: बहुतेक काम इथेच संपतं

जूनमध्ये खेळणं कपाटावर जातं, सेल आत तसेच. गणपतीला खाली उतरतं तेव्हा खणात पांढरी बुरशी दिसते. ती बुरशी नव्हे, गळलेल्या सेलचा क्षार. त्यात आपली खारी हवा: स्प्रिंगवरचा चकचकीत मुलामा एकदा गेला की खालचं लोखंड आठवड्यात तांबूस होतं.

साफ करण्याआधी सेल कोणता होता ते वाचा, कारण दोन जातींची गळती उलट स्वभावाची असते. सेलवर 'अल्कलाइन' लिहिलेलं किंवा सांकेतिक नाव 'एलआर'ने सुरू होणारं (एलआर ६, एलआर ०३) असेल, तर गळती अल्कधर्मी. तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. नुसतं 'आर ६' किंवा 'आर ०३' असेल तर तो साधा जस्त-कार्बन सेल, आणि गळती आम्लधर्मी. ती बहुधा ओलसर आणि तपकिरी असते. तिला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. सगळे सरसकट लिंबू पिळतात. साध्या सेलच्या गळतीवर लिंबू म्हणजे आंबट कढीत आणखी सोलं.

सोलांवरून आठवलं. पितळी समई कोकमाने लखलखते म्हणून खणात आगळ ओतणारे भेटले आहेत. आगळात मीठ असतं, आणि मिठाने चार दिवसांत पट्टी पुन्हा खाल्ली जाते. चिंचही नको, तिचा चोथा सांदीत राहतो.

क्रम असा ठेवा:

1. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला, डोळ्यांना चष्मा. खेळणं वर्तमानपत्रावर उपडं धरून कोरड्या ब्रशने क्षार झाडा. फुंकू नका, डोळ्यांत जातो.
2. कापसाची काडी सेलच्या जातीप्रमाणे लिंबाच्या रसात (किंवा व्हिनेगरमध्ये) नाहीतर सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळून घ्या, मगच पट्टीवर फिरवा. किंचित फसफसेल. ओतायचं काहीच नाही, ओतलेलं आत झिरपतं.
3. साध्या पाण्याने भिजवलेल्या दुसऱ्या काडीने पुसा. ही पायरी सगळे गाळतात आणि आम्ल किंवा सोडा मागे राहतो.
4. अल्कोहोलने पुसून पंख्याखाली वाळवा.
5. काळा थर उरला तर पॉलिश पेपर हलक्या हाताने. धातू दिसला की थांबा.
6. स्प्रिंग दबून बसली असेल तर चिमट्याने थोडी ओढून घ्या. पार खाल्ली असेल तर जुन्या टॉर्चमधली काढून बसवा.

पट्टी कोरडी झाल्यावर तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी बोटाला लागेल इतका पातळ हात फिरवा. किनाऱ्यावरच्या घरांत एवढ्याने पट्टी बरीच टिकते.

तपासा: नवे सेल, सपाट टोक स्प्रिंगकडे. चाललं? मग झाकण लावा आणि उठा. पुढचं वाचायची गरज नाही.

## ४. उघडणं

नाही चाललं, तर आता स्क्रू. आधी सेल काढा, मग सगळे स्क्रू मोजा. दिसतात तेवढेच असतात असं नाही. रबरी पायांखाली, चिकटचित्राखाली, सेलच्या खणाच्या तळाशी आणि मऊ खेळण्यांत कापडाच्या शिवणीआड एखादा लपलेला असतो. चिकटचित्रावर नख फिरवलं की खळगा लागतो. पाठ एका बाजूने सुटली आणि दुसरीकडे अडकली म्हणजे तिथे स्क्रू आहे. जोर लावू नका, शोधा.

ड्रायव्हर सरळ उभा धरा. ताकद दाबण्यात जास्त, फिरवण्यात कमी. खाच गुळगुळीत झाली असेल तर मध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून फिरवा. गंजून बसलेल्या स्क्रूवर गंज सोडवायचं तेल फवारतात, ते मी करत नाही. काही प्लास्टिकला त्या तेलाने तडे जातात. तापलेल्या सोल्डरिंग इस्त्रीचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवा, भोवतीचं प्लास्टिक सैल होतं आणि स्क्रू सुटतो. इस्त्री नसेल तर सुईच्या टोकावरून तेलाचा एकच थेंब, फक्त स्क्रूवर.

स्क्रू निघाले की दोन्ही भाग वहीसारखे उघडा, नारळाच्या भकलांसारखे वेगळे करू नका. सेल एका भागात आणि स्पीकर दुसऱ्यात असतो, आणि मधल्या तारा केसाएवढ्या. बोटभर फट पडली की मोबाइलचा दिवा आत मारून तारा कुठे जातात ते बघा, आणि फोटो काढा. मग पूर्ण उघडा, पुन्हा फोटो. स्वस्त खेळण्यांत लाल तार म्हणजे अधिक असा नियम पाळलेला नसतो, रंगावर भरवसा ठेवाल तर फसाल.

आत पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ आणि कुंभारीण माशीने स्पीकरच्या भोकांत लिंपलेली माती, तिन्ही मला मिळालं आहे. ब्रशने काढा. त्यासाठी कीटकनाशक मारू नका, हे खेळणं उद्या तोंडात जाणार आहे.

इथे थांबा: आत फुगलेली चांदीच्या रंगाची चपटी बॅटरी दिसली तर तिला टोचू, दाबू किंवा वाकवू नका. खेळणं घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि दुरुस्ती सोडून द्या.

## ५. तारा आणि खटका

पहिली नजर सेलच्या पट्टीला जोडलेल्या तारांवर. गळतीचा क्षार तारेच्या आवरणाखालून वर चढतो. बाहेरून तार धडधाकट आणि आतलं तांबं काळंठिक्कर. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, थेंब गोटीसारखा घरंगळतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापत मागे जा. सगळीच काळी असेल तर नवी टाका.

मल्टिमीटर बीपवर ठेवा, सेल बाहेर. पट्टीपासून सर्किटच्या पाटीपर्यंत प्रत्येक तार तपासा. मग खटक्याची दोन टोकं: चालूवर बीप, बंदवर गप्प. चालूवर तुटक वाजत असेल तर खटक्यात अल्कोहोलचे दोन थेंब सोडून वीस-तीस वेळा मागेपुढे सरकवा. बहुतेक खटके एवढ्याने शुद्धीवर येतात.

सोल्डर करताना सेलची पट्टी आधी खाचेतून बाहेर ओढून घ्या. जागेवर ठेवून तापवलीत तर भोवतीचं प्लास्टिक वितळतं आणि पट्टी कायमची तिरकी बसते. तारेला वेगळं सोल्डर, पट्टीला वेगळं, मग दोन्ही एकत्र टेकवून दोन-तीन सेकंद. वाजवीपेक्षा जास्त नाही. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या तारेत शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, सांडलेले मणी वेचा, हात साबणाने धुवा. शिसंविरहित तार मिळाली तर लहान मुलांच्या वस्तूला तीच वापरा, थोडी जास्त तापवावी लागते एवढंच. आणि वीज जायच्या बेतात असेल तर हा टप्पा सुरूच करू नका. अर्धवट जोडलेली तार अंधारात हिसका बसून निघते, पाटीवरचा पत्रा घेऊन.

## ६. आवाज आणि बटणं

स्पीकरच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा एक सेल क्षणभर लावा. 'टक्' असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. मल्टिमीटरवर बहुतेक लहान स्पीकर ८ ओहमच्या आसपास दाखवतात. काहीच दाखवत नसेल तर बदला. जुन्या खेळण्यातला त्याच मापाचा, तेवढ्याच ओहमचा चालतो. कमी ओहमचा नको.

बटणांखालची रबरी गादी उचला. तिच्या खालचे काळे ठिपके आणि पाटीवरच्या काळ्या रेघा अल्कोहोलच्या काडीने हलकेच पुसा आणि वाळू द्या. पॉलिश पेपर इथे अजिबात नको, काळा थर म्हणजेच बटण. आरवणारा कोंबडा एवढ्यावर गप्प झाला.

पाटीवर काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब असतो. त्याच्या पोटात खेळण्याचा मेंदू. वीज नीट पोचते, स्पीकर चांगला, बटणं साफ, तरी काही नाही, तर तो गेला. खरवडून काही हाती लागत नाही. अशा खेळण्याच्या मोटरी, स्पीकर, स्प्रिंगा डब्यात जपून ठेवा.

## ७. मोटर आणि वाळू

तारकर्लीला, देवबागला किनाऱ्यावर नेलेलं चालतं खेळणं घरी आल्यावर 'करकर' करतं. लगेच कुणीतरी त्यात खोबरेल सोडतं. वाळू आणि तेल मिळून दातांची पूड करणारा लेप होतो. शिवाय खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजतं, चिकट होतं आणि मुंग्यांना आमंत्रण देतं. कोकणातल्या घरात हे सांगणं कठीण आहे, पण डोक्याचं तेल डोक्यालाच.

दातेरी चाकांची पेटी उघडा, आधी फोटो. चाकं कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसलीत ते फोटोशिवाय आठवत नाही. प्लास्टिकची चाकं साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. आसावर गुंडाळलेले केस आणि दोरे ब्लेडने कापून काढा. मग दातांवर पांढऱ्या ग्रीसचा ठिपका, मोटरमध्ये काहीही नाही.

मोटर जोरात फिरते आणि बाकी सगळं स्थिर, तर मोटरच्या दांड्यावरचं सर्वांत लहान चाक तडकलेलं असतं. झटपट गोंद त्या प्लास्टिकला टिकत नाही. दोन दिवसांनी खेळणं परत येतं, मी करून पाहिलं आहे. तेवढ्याच दातांचं, त्याच भोकाचं चाक शोधून बसवा.

खेळणं समुद्राच्या पाण्यात पडलं असेल तर सेल लगेच काढा आणि उघडून सगळं गोड्या पाण्याने धुवा, पाटीसुद्धा. मीठ आत वाळू देणं पाण्यापेक्षा वाईट. मग अल्कोहोल, मग दोन दिवस पंखा. तांदळाच्या डब्यात पुरल्याने फक्त तांदळाचा कोंडा आत जातो.

## ८. बंद करणं

आधी चालवून बघा, मगच बंद करा. खेळणं उघडं असतानाच सेल घाला, सगळी बटणं दाबा, पाच मिनिटं चालू ठेवा. एखादी तार किंवा मोटर गरम लागते का ते बोटाने बघा. सेल पुन्हा काढा. तारा आतल्या प्लास्टिकच्या खांबांच्या मधून वळवा, दोन भागांत चेमटू देऊ नका.

स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. 'टक्' करून तो जुन्या आट्यांत बसतो, मग सुलटा. हे न करता घट्ट पिळलंत तर तो नवे आटे कापतो, आणि तिसऱ्या वेळी भोक सैल होतं. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

## ९. मुलाच्या हाती देण्याआधी

खेळणं कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर परत उघडा, सबब नको. डोळे, कान, बटणं जोराने ओढून बघा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारा कोणताही सुटा तुकडा धोक्याचा मानतात. म्हणजे साधारण सोललेल्या सुपारीएवढी वस्तूही लहान धरायची.

सेलचं झाकण स्क्रूनेच बंद व्हायला हवं. स्क्रू हरवला म्हणून सेलोटेप लावलेली खेळणी मी परत देत नाही, आधी स्क्रू आणायला सांगतो. गोल चपट्या बटण सेलवर चालणारं खेळणं असेल तर यात तडजोड नाहीच. असा सेल घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, १०८ला फोन करा आणि एक्स-रे होईल अशा जवळच्या रुग्णालयात लगेच न्या. त्या सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल सोबत असू द्या.

गळलेले सेल चुलीत टाकू नका, फुटतात. वाडीतल्या पऱ्यातही नको. बरणीत साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि पावसाच्या तोंडावर, खेळणं कपाटावर ठेवण्याआधी, सेल काढा, झाकणाचा स्क्रू परत लावा आणि वर चिठ्ठी चिकटवा: 'सेल काढलेत'. गेल्या चतुर्थीला एक गृहस्थ बंद पडलेली आगगाडी पाठ उचकटून घेऊन आले होते. तारा ठीक, मोटर ठीक, खटका ठीक. खणात सेलच नव्हते, बायकोने जूनमध्ये काढून ठेवले होते.